भिंतीच्या पोटातलं

पेठेतला जुना वाडा उतरवायला घेतला की रस्त्यानं जाणारा माणूस हमखास थांबतो. दर्शनी भिंत निघालेली असते आणि आजवर फक्त घरच्यांनी पाहिलेलं सगळं उघड्यावर आलेलं असतं. वरच्या खोलीचा निळा रंग, त्याच्याखालून डोकावणारा हिरवा, त्याच्याही खाली पांढरा चुना. निरांजनाच्या काजळीनं काळवंडलेली देवघरातली कमान. जिथे चूल होती तिथून थेट आढ्यापर्यंत गेलेला धुराचा पट्टा. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मारलेल्या मुलांच्या उंचीच्या रेघा. त्या रेघांतली मुलं एव्हाना आजी-आजोबा झाली असतील किंवा नसतीलही.

उतरवण्याला क्रम असतो. आधी कौलं निघतात, मग वासे, मग तुळया आणि खांब. जुन्या सागवानाला भाव चांगला येतो, त्यामुळे लाकडाचा सौदा पहिली पहार पडण्याआधीच झालेला असतो. नक्षीच्या चौकटीला, कडी-कोयंड्याला, दगडी उंबऱ्यालाही गिऱ्हाईक असतं. उरलेल्या माती-विटांचा राडारोडा होतो आणि ट्रकमधून गावाबाहेर जातो. या हिशोबात भिंतीच्या आत काय आहे याला रकाना नसतो. पण एखाद्या दुपारी पहारीचा आवाज बदलतो. भरीव भिंतीचा बद्द आवाज जाऊन पोकळ आवाज येतो. बिगारी हात थांबवतो, मुकादमाकडे बघतो, आणि चौकात विखुरलेली सगळी माणसं त्या एका भोकाभोवती जमतात.

बहुतेक वेळा आत भुसा, उंदरांच्या लेंड्या आणि किडलेल्या धान्याचा चुरा एवढंच निघतं. कारण ती पोकळी बहुधा बळदाची असते. दोन-अडीच हात रुंदीच्या भिंती बांधायच्या तर त्या वाया का घालवायच्या, असा जुन्या बांधणाऱ्यांचा विचार होता. वरून धान्य ओतायचं, तोंड शेणामातीनं लिंपून टाकायचं, खालच्या भोकातून लागेल तसं काढून घ्यायचं. अंगणात किंवा शेतात पेव असायचं. तोंड लहान, पोट मोठं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं सुरक्षित राहत असे. शिवाय माळा, तळघर, फडताळातला चोरकप्पा, जिन्याखालची अंधारी खोली. मराठी घराच्या रचनेतच लपवणं होतं. दुष्काळ येणार, स्वारी येणार, कधीतरी घर सोडून पळावं लागणार, हे गृहीत धरून गवंडी काम करत होता. बळदाच्या रिकामेपणाकडे पाहताना त्या घरानं किती वाईट वर्षांची तयारी केली होती ते कळतं.

धान्याबरोबर पैसाही पुरला जायचा, हे उघड आहे. पेढी गावात असेलच असं नाही, असली तरी लुटली जाणार नाही याची खात्री नाही, आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्या तर मुलखाच्या पाठीला लागलेल्या. मालक हंडा पुरायचा, जागा एखाद्याच माणसाला सांगायचा किंवा कुणालाच नाही, आणि मरून जायचा. मग त्या हंड्याभोवती गोष्टी वाढत. त्यावर नाग बसतो, तो फक्त पायाळू माणसाला दिसतो, डोळ्यांत अंजन घातलं की जमिनीच्या आतलं दिसतं. लहानपणी या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात. त्यांची दुसरी बाजू भयंकर आहे. गुप्तधनाच्या लोभानं माणसांचे बळी गेले आहेत, आणि महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा त्यात गुप्तधन शोधण्यासाठीच्या अघोरी कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला.

सोनं खरोखर सापडतंही. मध्य प्रदेशातलं धार, म्हणजे एकेकाळचं पवारांचं संस्थान. तिथे २०२२ साली जुनं घर पाडताना मजुरांना ८६ सोन्याची नाणी मिळाली. त्याआधीच्या वर्षी पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या मातीतून निघालेली २१६ नाणी पोलिसांनी ताब्यात घेतली. दोन्हीकडे सापडवणाऱ्यांनी गुपचूप वाटणी केली किंवा माल घरात दडवला आणि पुढे पोलीस दारात आले. खरं तर १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या बांधकामात लपवलेलं, दहा रुपयांहून अधिक किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं तो सांगतो. निधी बेवारस ठरला आणि आधीचा दुसरा करार नसला तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचे आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा, ही वाटणीही त्यात आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या साहेबी कायद्यात पहार हातात असलेल्या माणसाचा वाटा मालकापेक्षा मोठा धरलेला आहे, आणि त्याच माणसाला हे कुणी सांगितलेलं नसतं. भीतीपोटी नाणी वितळवली जातात. सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं.

तरीही सोन्याचा हंडा हा अशा सापडण्यातला सर्वांत मुका प्रकार म्हणायला हवा. नाण्यावर राजाचं नाव असतं. ते ज्यानं पुरलं त्याचं नसतं. त्या माणसाला त्या रात्री काय वाटलं, परत का येता आलं नाही, हे नाणं सांगत नाही. घराच्या पोटातून खरा आवाज येतो तो भलत्याच वस्तूंतून.

फ्रान्सच्या आल्प्स डोंगरात ले क्रो नावाचं गाव आहे. तिथे पिकोंताल नावाची गढी आहे. या शतकाच्या उंबरठ्यावर तिच्या नव्या मालकांनी डागडुजी काढली, खोल्यांच्या जुन्या लाकडी फरश्या उचलल्या, आणि फळ्या उलटल्यावर त्यांच्या खालच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. एका फळीवर नव्हे, अनेक फळ्यांवर. सगळे मिळून ७२ मजकूर निघाले. लिहिणारा होता जोआकीम मार्तां, ती फरशी बसवणारा सुतार. १८८० आणि १८८१ साली फरशी ठोकता ठोकता, फळी पालथी घालण्याआधी, तो तिच्यावर चार ओळी लिहीत होता.

तेव्हा तो अडतिशीत होता. जत्रेत, नाचगाण्यात व्हायोलिन वाजवायचा. मजुरी किती मिळते, गावात कोण कसा आहे, पाद्री बायकांना कबुलीजबाबाच्या वेळी नको ते प्रश्न कसे विचारतो, आपली तरुणाई कशी गेली, हे सगळं त्यानं लिहिलं. आणि एक गोष्ट लिहिली जी बारा वर्षं त्याच्या आत होती. १८६८ साली मध्यरात्री एका गोठ्याजवळून जाताना त्यानं कण्हण्याचा आवाज ऐकला. आत एक बाई बाळंत होत होती. ती त्याच्या ओळखीच्या माणसाची, लहानपणच्या मित्राची रखेली. तिला झालेली बाळं त्या गोठ्यात पुरली गेली होती. जोआकीम गप्प राहिला. मित्र होता, गाव लहान होतं, बोलायचं कुणाजवळ? त्यानं ते फळीला सांगितलं आणि फळीवर खिळे मारले.

या सुताराची पुढच्या पिढ्यांवरची श्रद्धा थक्क करणारी आहे. त्याला ठाऊक होतं की चांगली बसवलेली लाकडी फरशी शंभर वर्षं तरी हलत नाही. म्हणजे आपलं लिहिणं वाचलं जाईल तेव्हा आपण नसू, मित्र नसेल, पाद्री नसेल, ती बाईही नसेल. हे त्यानं वाचणाऱ्याला उद्देशून लिहूनही ठेवलं. आपल्या कामाच्या टिकाऊपणावर इतका विश्वास असल्याशिवाय असं पत्र धाडता येत नाही. कच्चं काम करणाऱ्याला हे सुचलं नसतं. जोआकीम १८९७ साली वारला. झाक-ऑलिव्हिए बुदों या इतिहासकारानं त्या फळ्यांवरून २०१७ साली आख्खं पुस्तक लिहिलं. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच खेड्याबद्दल जमीनदार, पाद्री, सरकारी कारकून यांनी ढिगांनी लिहून ठेवलं आहे. रंधा हातात धरणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं फार थोडं आहे. त्यातलं हे एक गढीच्या मालकाच्या पायाखाली सव्वाशे वर्षं पडून होतं.

आपल्याकडच्या वाड्यांच्या तुळयांवर सुतारांच्या खुणा असतात. कुठली तुळई कुठल्या खांबावर बसायची याच्या त्या खुणा. वखारीत गेलेल्या तुळया चिरल्या जातात तेव्हा त्या रंध्याखाली जातात. त्यांच्याशेजारी कधी कुणी काही लिहिलं होतं का, हे बघायला तिथे कुणी उभं नसतं.

जोआकीमनं गुपित सोडून देण्यासाठी लपवलं. स्पेनमधल्या बार्कारोता गावच्या माणसानं जीव वाचवण्यासाठी. १९९२ साली तिथल्या एका घराची दुरुस्ती चालू असताना वरच्या मजल्यावरच्या भिंतीमागे दहा छापील पुस्तकं आणि एक हस्तलिखित निघालं. पुस्तकं सोळाव्या शतकातली, आणि धर्मन्यायालयाच्या काळात जवळ बाळगणं धोक्याचं ठरेल अशी. लपवणारा फ्रान्सिस्को दे पेन्यारांदा नावाचा वैद्य असावा, असं संशोधक मानतात. त्याचं घराणं यहुदी धर्मातून ख्रिस्ती झालेलं, म्हणजे आधीच संशयाच्या सावलीतलं. त्या दहांमध्ये ‘लासारिओ दे तोर्मेस’ या प्रसिद्ध स्पॅनिश कादंबरीची १५५४ सालची एक आवृत्ती होती. त्या वर्षीच्या तीन आवृत्त्या जगाला माहीत होत्या. मेदिना देल काम्पोला छापलेली ही चौथी कुणाला ठाऊकच नव्हती. १५५९ साली या कादंबरीवर बंदी आली. वैद्यानं पुस्तकं जाळली असती तर तो जास्त निर्धास्त झोपला असता. त्यानं भिंत बांधून घेतली. वाचणाऱ्या माणसाचा पुस्तकावरचा जीव याहून स्पष्ट कसा दाखवायचा?

घरात लपवणारी फक्त माणसंच नसतात. इंग्लंडमध्ये नॉरफोकला ऑक्सबर्ग हॉल नावाचं पंधराव्या शतकातलं घर आहे. बेडिंगफील्ड या कॅथलिक घराण्याचं. कॅथलिक पाद्र्यांचा छळ चालू होता त्या काळात पाद्री लपवण्यासाठी केलेली बीळवजा जागा तिथे आजही दाखवतात. २०२० साली छपराची दुरुस्ती निघाली, माळ्याच्या फळ्या उचलल्या गेल्या, आणि टाळेबंदीमुळे एकटाच काम करत असलेल्या पुरातत्त्वज्ञाला खाली उंदरांची जुनी घरटी मिळाली. उंदरांनी शतकानुशतकं घरभरातून चिंध्या, कागद पळवून आणले होते. दोनशेहून जास्त कापडाचे तुकडे, त्यांत राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळातलं रेशीम आणि मखमल. शिवाय छापील आणि हस्तलिखित पानांचे तुकडे. जवळच १५६८ सालचं प्रार्थनांचं पुस्तक जवळपास अखंड मिळालं. फळ्यांखालच्या चुन्यानं ओल शोषून घेतली होती आणि वर धुळीचा जाड थर बसला होता, म्हणून सगळं टिकलं. महाराष्ट्राच्या पावसात, वाळवी आणि कसर यांच्या राज्यात हे नशीब दुर्मीळ. म्हणून तर जुने लोक पोथ्यांच्या गाठोड्यात वेखंड घालत.

ऑस्ट्रियातल्या लेंगबर्ग किल्ल्याची गोष्टही अशीच. २००८ साली दुरुस्तीत फरशीखालची एक पोकळी उघडली. पंधराव्या शतकात मजला वाढवताना ती केरकचऱ्यानं भरून टाकली होती: लाकूड, पेंढा, चामडं, आणि कापडाचे २,७०० हून अधिक तुकडे. त्यांत तागाच्या कापडाच्या चोळ्या निघाल्या, आजच्या ब्रेसियरसारख्या दोन वाट्या शिवलेल्या. असा कपडा फार पुढच्या काळात आला, हा समज त्या दिवशी मोडला. राजवस्त्रं लोक जपून ठेवतात, तसबिरींत रंगवतात. बाईच्या अंगालगतचा रोजचा कपडा कुणी जपत नाही. तो टिकला कारण कुणीतरी तो फेकला आणि वर फरशी घातली.

युरोपातल्या जुन्या घरांत जोडेही निघतात. धुराड्याच्या कोनाड्यात, जिन्याखाली, दाराच्या वर भिंतीत. बहुतेक एकटा, वापरून झिजलेला, आणि पुष्कळदा लहान मुलाचा. इंग्लंडमधलं नॉर्थॅम्प्टन हे चांभारकामाचं जुनं शहर. तिथल्या संग्रहालयात जून स्वान या अभ्यासक बाईंनी विसाव्या शतकाच्या मध्याला अशा जोड्यांची नोंदवही सुरू केली आणि नोंदी वाढत वाढत दोन हजारांच्या घरात गेल्या. लपवणाऱ्यांनी कारण कुठेच लिहून ठेवलेलं नाही. घरात वाईट काही शिरू नये म्हणून, असा अंदाज केला जातो. आणि ज्यांना असा जोडा सापडतो ते पुष्कळदा तो संग्रहालयाला दाखवून, नोंद करून, परत त्याच जागी ठेवतात.

मराठी माणसाला हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे वास्तुशांत झाली की वास्तुपुरुषाची छोटी धातूची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून पुरतात, वरून फरशी बसवतात आणि विसरून जातात. तिची पूजा रोज होत नाही, ती कुणाला दाखवत नाहीत. म्हणजे ज्या घरात गुप्तधनाचा मागमूस नाही, त्या घरातही एक पुरलेली वस्तू असतेच. वाडा पाडताना ती कुणाच्या घमेल्यात जाते? क्वचित एखादी म्हातारी आठवण करून देते, मग तो कोपरा हातानं उकरला जातो आणि प्रतिमा बाहेर काढली जाते. आजी नसली तर यंत्राला कोपरा ओळखता येत नाही.

काही घरं तर वस्तूऐवजी दुसरं घरच लपवून बसलेली असतात. तुर्कस्तानात देरिनकुयूला १९६३ साली एका रहिवाशानं घरातली भिंत पाडली आणि मागे जमिनीखालचं आख्खं शहर उघडलं, सुमारे ८५ मीटर खोल. इटलीत लेचे गावी लुचानो फाज्जानो यांनी तुंबलेल्या संडासाची नळी शोधायला जमीन खणली. नळी राहिली बाजूला, खाली प्राचीन थडगं, रोमन धान्यकोठार आणि मठाच्या खोल्या लागल्या. तिथे आता त्यांच्या कुटुंबाचं संग्रहालय आहे. आणि मुंबईत मलबार हिलवरच्या राजभवनात, जिथे बंदोबस्त आणि नोंदवह्या यांची वाण नाही, तिथे २०१६ साली एक बुजवलेली भिंत फोडल्यावर १५० मीटर लांबीचं ब्रिटिशकालीन भुयार निघालं. तेरा खोल्या, त्यांवर तोफगोळे, काडतुसं ठेवायच्या पाट्या. राज्यपालांच्या पायाखाली काय आहे हे काही दशकांत विसरलं जाऊ शकतं. मग साध्या माणसाच्या तीन पिढ्यांनी आपल्या माळ्यावरचं गाठोडं विसरणं स्वाभाविक आहे.

त्या गाठोड्यापाशीच थांबायला हवं, कारण महाराष्ट्राचा खरा पुरलेला ठेवा तिथे आहे. हंड्यात तो नाही, रुमालात आहे. मराठ्यांचं राज्य कागदावर चालत होतं: हिशेब, वतनाच्या सनदा, निवाडे, कर्जरोखे, खुशालीची पत्रं. कापडी रुमालात बांधलेली ही दफ्तरं घराघरांच्या माळ्यांवर चढली आणि मोडी वाचणारी माणसं संपत गेली तशी मुकी झाली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना वाईच्या एका घरातून पानिपतच्या काळातली अशी पत्रं मिळाली. त्यांतून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला. पुढे राजवाडे गावोगाव पायी फिरले, लोकांच्या दारात उभे राहिले, माळे उपसले. असे बावीस खंड झाले. त्यांच्या आधी आणि त्यांच्या डोळ्यांदेखत किती कागद वाण्याच्या पुड्यांना गेले, बंबात गेले, याचा हिशेब नाही. ज्या घरानं कागद दिले ते इतिहासात राहिलं, ज्यानं बंब तापवला त्याचं नावही उरलं नाही.

आज वाडा पहारीनं कमी आणि जेसीबीनं जास्त उतरतो. पहारीला आवाज ऐकू येत होता. जेसीबीला येत नाही. दोन दिवसांत सगळं भुईसपाट होतं. नवी इमारत हवीच आहे. गळक्या कौलांखाली, सामाईक संडासात आयुष्य काढलेल्या भाडेकरूला तिची गरज कुणी शिकवायला नको. प्रश्न फक्त त्या दोन दिवसांच्या आधीच्या एका दिवसाचा आहे.

तेव्हा ज्यांचा वाडा, ज्यांचं गावाकडचं घर लवकरच उतरणार आहे त्यांनी लाकडाच्या सौद्याआधी एक दिवस काढावा. विजेरी घेऊन माळ्यावर चढावं, बळदात हात घालावा, फडताळाच्या मागची फळी ठोकून बघावी, भिंतींचे आणि तुळयांवरच्या खुणांचे फोटो काढावेत. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारावं, कुठे काय होतं ते. मजुरांना आधी सांगून ठेवावं की काही सापडलं तर लपवू नका, तुमचा वाटा कायद्यानं आहे. आणि न वाचता येणारा, मोडीतला एकही कागद रद्दीत देऊ नये. पुण्यात सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, आणि तिथे असा कागद जपून ठेवला जातो.